गच्चीवर सूर्य आणण्यापूर्वी

तुमच्या गावात किंवा पेठेत एखाद्या तरी घराच्या गच्चीवर काळसर निळ्या, चकचकीत तक्त्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. ही सौर पॅनेले. ज्या घरी ती बसतात, त्या घरी शेजारीपाजारी चौकशीला येतात आणि पहिला प्रश्न बहुधा एकच विचारतात, "काय हो, बिल शून्यावर आले का?"

प्रश्न साहजिक आहे, पण माझ्या मते तो पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा हवा: "तुमच्या गच्चीवर ऊन किती वेळ असते, आणि ते तुम्ही मोजले आहे का?" हे मत मी पुस्तक वाचून बनवलेले नाही. आमच्या घरी हे मोजमाप आधी झाले नाही, आणि त्यामुळे एका निरपराध आंब्याच्या झाडावर कुऱ्हाड पडायची वेळ आली होती. ती हकीकत पुढे सांगतोच. आधी, ही पॅनेले करतात तरी काय, ते पाहू.

सौर पॅनेल म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्यांची जुळणी. सिलिकॉन हा अर्धवाहक आहे. प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि चकतीच्या दोन थरांमधील विद्युतक्षेत्र त्यांना एका दिशेने लोटते. बाहेरून तार जोडली की धारा वाहू लागते. प्रकाशामुळे विद्युतदाब निर्माण होतो, ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल यांनी १८३९ साली पाहिली होती. पण कामाला येईल असा सिलिकॉनचा सौर घट तयार व्हायला १९५४ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी तो बनवला. त्याची कार्यक्षमता होती सुमारे ६ टक्के.

आजच्या पॅनेलची कार्यक्षमता तुम्हीच काढून पाहा. बाजारात सर्रास मिळणारे ५४० वॅटचे पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असते. म्हणजे क्षेत्रफळ झाले २.६ चौरस मीटरच्या आसपास. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट शक्ती पडते असे धरतात. तेव्हा पॅनेलवर पडले २६०० वॅट आणि हाती आले ५४० वॅट, म्हणजे सुमारे २१ टक्के. उरलेले ऊन काही परावर्तित होते आणि बरेचसे उष्णता होऊन जाते. ही उष्णता पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता आमच्या घरची हकीकत. २०२४ च्या मे महिन्यात आमच्या गच्चीवर अशी सहा पॅनेले बसली. एकूण क्षमता ३.२४ किलोवॅट. बसवणारे गृहस्थ एप्रिलअखेरीस पाहणीला आले होते. भर दुपारी गच्चीवर पाच मिनिटे उभे राहिले, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, "ऊन भरपूर आहे, सावलीचा प्रश्नच नाही." आम्हीही मान डोलावली. खरोखरच तेव्हा कुठे सावली नव्हती.

मे आणि जूनच्या सुरुवातीला रोज चौदा युनिटे वीज मिळू लागली. घरात आनंदीआनंद. पावसाळ्यात आकडा निम्म्यावर आला, पण ते अपेक्षितच होते. ढग असले म्हणजे वीज कमी. दिवाळीनंतर आकाश निवळले, आकडा वर चढेल असे वाटले. पण डिसेंबर आला तरी तो दहाच्या वर जाईना. हिशेबाने बारा-तेरा युनिटे तरी मिळायला हवी होती.

थोरल्या बंधूंनी चटकन निदान केले. गच्चीच्या नैऋत्येला आंब्याचे झाड आहे. आमच्या आईने आठीच्या रोपापासून वाढवलेले. "त्याचीच सावली पडते," ते म्हणाले, "फांद्या उतरवू या, नाहीतर झाडच काढू." पॅनेले बसवणाऱ्या गृहस्थांनीही फोनवर दुजोरा दिला. झाडे तोडणाऱ्या माणसाला निरोप गेला. आई काही बोलली नाही, नुसती मागच्या दारी जाऊन बसली.

तेव्हा नववीत शिकणारी माझी पुतणी म्हणाली, "काका, आधी खडूने आखून तर बघू." रविवारी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत तिने दर तासाला गच्चीवर पडलेल्या प्रत्येक सावलीची कड खडूने आखली आणि शेजारी वेळ लिहिली. संध्याकाळी गच्ची नकाशासारखी दिसू लागली, आणि त्या नकाशाने निकाल दिला. आंब्याची सावली पॅनेलांपर्यंत पोचत होती ती साडेतीननंतर. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत पॅनेलांच्या खालच्या कडेवरून हळूहळू सरकत जाणारी सावली होती आमच्या पाण्याच्या टाकीची! टाकी पॅनेलांच्या दक्षिणेला उभी होती.

मग मे महिन्यात ही सावली कुठे गेली होती? येथे तुमचे भूगोलाचे पुस्तक कामाला येते. सूर्य वर्षभर एकाच वाटेने जात नाही. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश. मे महिन्याच्या मध्याला तेथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. हाच शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर काही आठवडे तर मध्यान्हीचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो. अशा वेळी दक्षिणेच्या टाकीची सावली उत्तरेकडच्या पॅनेलांवर पडणार कशी? पण २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो. त्या वेळी १ मीटर उंच वस्तूची सावली ९० सेंटिमीटर पडते. सकाळी नऊ वाजता सूर्य जेमतेम २३ अंशांवर असतो आणि त्याच वस्तूची सावली सव्वादोन मीटरांहून लांब होते. आमच्या टाकीचा माथा गच्चीपासून दोन मीटर उंच. पॅनेले तिच्यापासून एक मीटरवर. बाकीचे गणित तुम्ही करालच.

तुम्ही विचाराल, एवढ्याशा सावलीने एवढे नुकसान कसे? त्याचे कारण जोडणीत आहे. एका सिलिकॉन घटाचा विद्युतदाब अर्ध्या व्होल्टच्या थोडा वर असतो. म्हणून पॅनेलमध्ये अनेक घट एकसर जोडतात आणि पॅनेलेही एकमेकांना एकसर जोडतात. एकसर जोडणीत सर्व घटांतून एकच धारा वाहते. आगगाडीच्या एका डब्याचे ब्रेक आवळले तर सगळी गाडी रखडते, तसे एका घटावर सावली पडली की त्याच्या मागचेपुढचे घटही अडतात. असा घट वीज देण्याऐवजी खाऊ लागतो आणि तापतो. म्हणून पॅनेलात बगल देणारे डायोड बसवलेले असतात. ते अडलेल्या भागाला वळसा घालून धारा पुढे नेतात. पण तेवढ्या भागाची वीज गेली ती गेलीच. तेव्हा पॅनेलाच्या दहाव्या हिश्श्यावर सावली म्हणजे दहा टक्के नुकसान, असा हिशेब येथे चालत नाही. नुकसान त्याच्या कितीतरी पट असू शकते.

आणि आंब्याचे काय? दिवसभरात मिळणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज नऊ ते तीन या सहा तासांतच मिळते. साडेतीननंतर येणारी झाडाची सावली फार तर थोडीशी वीज घेते, आणि तीही हिवाळ्यात. आम्ही प्लंबर बोलावून टाकी गच्चीच्या उत्तर कडेला हलवली. पुढच्याच स्वच्छ दिवशी आकडा बाराच्या वर गेला. झाडे तोडणाऱ्या माणसाला परत निरोप गेला. पुढच्या उन्हाळ्यात आईने त्याच झाडाच्या कैऱ्यांचे लोणचे घातले.

या हकीकतीतून मला तुम्हाला हेच सांगायचे आहे: घरी सौर पॅनेले बसवायचा विचार चालू असेल तर पाहणीचे काम परक्या माणसाच्या पाच मिनिटांवर सोडू नका. ते तुम्ही करा. शाळेत शिकलेले गणित आणि भूगोल यासाठी पुरेसे आहेत. सावल्या डिसेंबरच्या तपासायच्या, मे महिन्याच्या नव्हेत. एक किलोवॅटसाठी साधारण १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते. महाराष्ट्रात पॅनेलांचे तोंड दक्षिणेकडे असावे आणि उतार आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे १६ ते २१ अंशांच्या आसपास, ठेवावा.

याशिवाय आणखी काही गोष्टींची मनाची तयारी ठेवली पाहिजे. बसवणारे बहुधा त्या ठळकपणे सांगत नाहीत.

पहिली गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यात भर दुपारी आमच्या इन्व्हर्टरवर ३.२४ किलोवॅट दिसतील असे आम्हाला वाटले होते. दिसत होते अडीचच्या थोडे वर. पॅनेल बिघडले होते का? नाही. पॅनेलवर छापलेली क्षमता घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. मे महिन्याच्या उन्हात घट ६५ अंशांपर्यंत तापू शकतो. तापमान एका अंशाने वाढले की सिलिकॉन पॅनेलची शक्ती सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. ४० अंशांच्या वाढीला झाले १४ टक्के. त्यात धूळ आणि तारांमधील घट मिळवा. पॅनेलाला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. म्हणूनच पॅनेले गच्चीला चिकटवत नाहीत, खालून वारा खेळेल अशी उंच बसवतात.

दुसरी गोष्ट भारनियमनाची. वीज गेली की शेजारी म्हणतात, "तुम्हाला काय, तुमचे सोलर आहे!" आणि आमच्याही घरात तेव्हा पंखा बंदच असतो. हा अनेकांना बसणारा मोठा धक्का आहे. पॅनेलातून दिष्ट धारा येते. इन्व्हर्टर तिचे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती धारेत रूपांतर करतो आणि ती गावाच्या वीजजाळ्याशी पावलाला पाऊल जुळवून चालते. बाहेरची वीज गेली की हा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, आणि तो बंद पडलाच पाहिजे. कारण खांबावर चढलेला वायरमन तारेत वीज नाही असे समजून काम करत असतो. त्या वेळी आपल्या गच्चीवरून तारेत वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. भारनियमनातही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि तिला चालणारा वेगळा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याचा खर्च वेगळा. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तोही खर्च आधीच धरावा.

तिसरी गोष्ट कामाची. पॅनेले बसवायला दोन-तीन दिवस पुरतात. पण अर्ज, वीज वितरण कंपनीची मंजुरी, तपासणी आणि नवा मीटर यात आठवडे जातात. तोवर पॅनेले गच्चीवर नुसती उभी असतात. हा नवा मीटर दोन्ही बाजूंनी मोजतो, तुम्ही जाळ्यातून घेतलेली वीज आणि जाळ्याला दिलेली वीज. सांगाडा बसवताना स्लॅबला भोके पाडत असतील तर ती जलरोधक लेपाने बुजवली का, हे पाहून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात छत गळेल. वादळी वाऱ्यात पॅनेल शिडासारखे वारा धरते, तेव्हा सांगाडा भक्कम हवा. अर्थिंग आणि तडितरक्षक यांत काटकसर नको.

चौथी गोष्ट पैशाची. केंद्र सरकारने २०२४ साली सुरू केलेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती पॅनेलांसाठी पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये असे अनुदान जाहीर झाले. म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. आता गणित करू. समजा, तीन किलोवॅटचा खर्च १,८०,००० रुपये आला. अनुदान वजा जाता उरले १,०२,०००. घरात महिन्याला ३०० युनिटे वाचली आणि सरासरी दर ८ रुपये धरला तर महिन्याची बचत २,४०० रुपये. साधारण साडेतीन वर्षांत पैसे वसूल. आता दुसरे घर घ्या. तेथे महिन्याला फक्त ९० युनिटे लागतात. कमी वापराला दरही कमी असतो, समजा ४ रुपये. एका किलोवॅटचा खर्च ६५,००० धरला आणि अनुदान वजा केले तर उरले ३५,०००. बचत महिन्याला ३६० रुपये. वसुलीला आठ वर्षे! आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमच्या बिलावरचे आकडे घालून तुम्ही ते पुन्हा करा. बिलात स्थिर आकार नावाची एक रक्कम असते. एकही युनिट वापरले नाही तरी ती द्यावी लागते. तेव्हा "बिल शून्य" हा शब्द जपूनच ऐकावा.

मग ही पॅनेले घेऊच नयेत, असे माझे म्हणणे आहे का? मुळीच नाही. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, दरवर्षी त्याची शक्ती सुमारे अर्धा टक्का घटते, आणि त्याच्यात फिरणारा एकही भाग नसल्याने झीज जवळजवळ नाही. आपल्या देशात जाळ्यातल्या एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बरीचशी वीज कोळशावर तयार होते. आमच्या घरच्या पॅनेलांमुळे वर्षाला जवळजवळ तीन टन वायू कमी होतो. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे गाव २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. ही वाट चांगली आहे. माझे म्हणणे एवढेच की तिच्यावर डोळे उघडे ठेवून चालावे.

आणि पहिले पाऊल गच्चीवर नव्हे, घरातच टाकावे. घरातले चार जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे असतील आणि ते बदलून ३० वॅटचे नवे लावले, तर रोज दहा तास चालवल्यावर १.८ युनिटे वाचतात. तेवढी वीज मिळवायला जवळजवळ अर्धा किलोवॅट पॅनेले लागली असती. न वापरलेले युनिट सर्वांत स्वस्त. त्याला ना अनुदान लागते, ना गच्ची.

गच्चीवरून आठवले. चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला स्वतःचे छप्पर नसते. सदनिकांच्या इमारतीत वीस कुटुंबांत एकच गच्ची असते. छप्पर ज्याचे, अनुदानही त्याचेच, एवढ्यावर ही गोष्ट थांबली तर ती अपुरी राहील. म्हणून मला वाटते की शाळेची, ग्रामपंचायतीची, दवाखान्याची छपरे आधी भरावीत. शाळेला वीज लागते ती दिवसा, ऊन असतानाच. तिच्याइतकी जुळणी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

शेवटी एक गोष्ट पंचवीस वर्षांनंतरची, म्हणजे तुम्ही चाळिशीत असाल तेव्हाची. पॅनेले कधीतरी निकामी होतील. त्यांत काच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि थोडी चांदी असते, पण डाख देण्यासाठी शिसेही वापरलेले असते. ही पॅनेले भंगारात कशीही फेकून चालणार नाहीत. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलांचाही समावेश झाला आहे. बसवतानाच विक्रेत्याला विचारावे, "जुने झाल्यावर हे परत कोण नेणार?" तो गोंधळेल, पण पुढच्या वेळी उत्तर तयार ठेवील.

शिक्षकांना एक विनंती. ज्यांच्या घरी पॅनेले आहेत अशा मुलांना रोजचे युनिट, आकाशाची स्थिती आणि पॅनेले पुसल्याची तारीख एका वहीत लिहायला सांगावी. वर्षभराची अशी वही म्हणजे ऋतू, धूळ, ढग आणि सावली यांचा अस्सल प्रयोग. पॅनेले पुसायची ती सकाळी लवकर, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नये. आणि मुलांनी वर चढताना सोबत मोठे माणूस हवेच.

ज्यांच्या घरी पॅनेले नाहीत, त्यांनी एवढे करावे. येत्या २२ डिसेंबरला गच्चीवर किंवा अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करा. सकाळी नऊपासून दर तासाला सावलीचे टोक खडूने खुणवा आणि लांबी मोजून लिहून ठेवा. हाच प्रयोग मे महिन्याच्या मध्याला त्याच जागी पुन्हा करा. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवा आणि घरातल्या मोठ्यांना दाखवा. उद्या तुमच्या घरी कोणी पाहणीला आले, तर चहाबरोबर ती वहीही पुढे करा.